उलटा फिरलेला पंखा

गॅरेजच्या अगदी दारात येऊन त्या जुन्या गाडीने मान टाकली. बॉनेटखालून वाफेचा असा लोट निघाला की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून बघायला बाहेर आला. गाडीतून एक उंच, सडपातळ माणूस उतरला आणि थेट बॉनेटला हात घालू लागला.

"अहो, थांबा! हात भाजून घ्यायचाय का?"

आवाज शेजारच्या गाडीखालून आला होता. पाठोपाठ ती सरपटत बाहेर आली. केसांना फडकं बांधलेलं, गालावर ग्रीसचा लांब पट्टा.

"मिस्त्री कुठायत?" त्याने विचारलं.

"तुमच्यासमोर."

"नाही, म्हणजे... मोठे मिस्त्री?"

"ते बाबा, तिकडे पेपर वाचतायत. गुडघे गेले म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज माझ्या हवाली केलं. तेव्हापासून इथून दुरुस्त होऊन गेलेली एकही गाडी परत आलेली नाही. अजून काही चौकशी?"

"एकच. गालाला ग्रीस लागलंय, हे सांगितलं तर चालेल का?"

बाबा पेपराआड खुदकन हसले. एरवी तिने असल्या गिऱ्हाइकाला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज मात्र तिने निमूटपणे गाल पुसला, तोही नको तो.

इंजिन निवेपर्यंत गप्पा झाल्या. तो चष्मे बनवायचा. गाडी त्याच्या आईची, बावीस वर्षांची. रविवारी सकाळी आईला घेऊन तो घाटापलीकडच्या शहरात निघणार होता, तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती म्हणून.

"परत कधी?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"परत... आता तिथेच."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं. "पंख्याची मोटर जळलीय. वाराच मिळाला नाही तर पाणी उकळेल नाहीतर काय? उद्या नवीन पंखा बसवून देते."

शनिवारी दुपारी तो वेळेआधी तासभर येऊन बसला. तिने बॅटरीची तार सोडली, चार बोल्ट काढले आणि जुना पंखा चौकटीसकट वर ओढून घेतला. नव्या पंख्याचं जोडणीचं टोक मात्र या गाडीत बसेना. ते कापून दोन्ही तारा हाताने जोडाव्या लागणार होत्या. तो टॉर्च धरून शेजारी वाकला.

"बारीक काम करताना तुम्ही डावा डोळा मिटता," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या डोळ्यांकडे असंच टक लावून बघता?"

"पोटासाठी बघावं लागतं. पण असं... असं नाही बघत."

तिने मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्याला काही इंजिन जबाबदार नव्हतं. कशीबशी तिने तारा पिळल्या, वर टेप गुंडाळली. गाडी सुरू केली, तापमानाचा काटा अर्ध्यावर आला आणि पंखा घरघरत फिरू लागला. तो उगाचच तिथे घोटाळला. किल्लीशी चाळा केला, बाबांना दोनदा नमस्कार केला. शेवटी "येतो" म्हणाला आणि गेला. माणूस जाताना "येतो" म्हणतो, त्याचा तिला त्या दिवशी पहिल्यांदाच राग आला.

रविवारी सहा वाजता चहा पिताना बाबांनी विचारलं, "काल कागद चिकटला होता ना गं?"

तिचा कप हातातच राहिला.

पंखा बसवला की समोरच्या जाळीवर कागद धरायचा, ही बाबांची शिकवण. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. तारा उलट्या जोडल्या की पंखा फिरतो खरा, पण उलटा. मग कागद उडतो आणि इंजिन तापतं. चार वर्षांत ती कागद धरायला कधी विसरली नव्हती. काल विसरली होती.

स्कूटरवर बसताना तिच्या डोळ्यांसमोर घाटाचा चढ होता. चूक सांगायची म्हणजे चार वर्षांचा तोरा धुळीला मिळणार. पण तो निघून गेला तर... तिने जोरात किक मारली.

बिलावरच्या पत्त्यावर ती पोचली तेव्हा गाडी त्याच्या घराच्या फाटकातच उभी होती. बॉनेट उघडं, आणि तो पायरीवर बसलेला.

"इंजिन चालू करा," ती धापा टाकत म्हणाली. इंजिन तापून पंखा फिरला तसा तिने जाळीवर कागद धरला. कागद भुर्रकन उडाला. "चूक माझी आहे. तारा उलट्या जोडल्यात मी."

"काहीतरी चुकलंय हे कळलं होतं. काल घरी येतानाच काटा वर गेला."

"मग फोन का नाही केलात?"

"'तुमची चूक झालीय' हे सांगायला फोन करायचा? छे. दुसरं काहीतरी कारण शोधत होतो. ते काही सापडेना."

"आणि मला दुसऱ्या मिस्त्रीला बोलवू देईना!" खिडकीतून त्याची आई म्हणाली. "पण तुझ्या हातून असं झालं कसं, बाई?"

घाई होती, असं सांगता आलं असतं.

"हे बोलत होते," ती म्हणाली. "आणि यांनी बोलत राहावं असं वाटत होतं मला. लक्ष नव्हतं माझं."

तो नुसता हसत राहिला, आणि तारा बदलताना तिला दोनदा चुकीचा पाना दिला.

या वेळी कागद जाळीला घट्ट चिकटला. तरी घाट संपेपर्यंत बरोबर येऊन काटा बघते, असं तिनेच सुचवलं. "मग मागे बसून कसा दिसेल काटा?" म्हणत आई आपणहून मागे जाऊन बसली. चढावर चढ गेले, वळणं गेली. काटा मधोमध होता. ती मात्र काट्याकडे फारच कमी वेळा बघत होती.

माथ्यावर चहाची टपरी होती आणि परतीची बस उभीच होती. ती उतरली. तोही उतरला.

"पंखा तपासायला गाडी... दर महिन्याला आणावी लागेल ना?" त्याने विचारलं.

प्रश्नात काय होतं ते तिला कळलं. पण कामाच्या बाबतीत खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

"नाही. पंखा आता वर्षानुवर्षं चालेल."

"अच्छा." त्याचा चेहरा पडला.

कंडक्टरने घंटी वाजवली. ती पायरीवर चढली आणि दांडा धरून मागे वळली.

"गाडी आणायची काही गरज नाही," ती म्हणाली. "तुम्ही या."