चार पिवळे ठिपके

"साठवर धर गं बाई… पाय हलवू नकोस. आता ऐक."

बाबांचा आवाज. बाजूच्या सीटवर डोळे मिटून ते गाडी ऐकायचे, रडणाऱ्या लेकराचं ऐकावं तसे. मी गाडी नुकतीच शिकले होते.

पुढचं खरं वाटलं नाही तर राहू द्या. मी तिथे होते. मंगळवारची दुपार, दोन वाजलेले, आमचंच गॅरेज. ऊन दारातून आत आलेलं. अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

एक टॅक्सी आली होती. साठला गेली की सीटखालून थरथर. चाकांत दोष नव्हता. साठवरच न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, थरथर तशीच. म्हणजे दुखणं मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब शाफ्टमध्ये. त्याचा सांधा खिळखिळा निघाला, तो बदलला. चारही बोल्ट मी स्वतः आवळले. पान्यावर अक्षरशः लोंबकळून.

कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा अशीच गाडी तपासायला घेऊन गेले. वाटेत शाफ्टचे बोल्ट सुटले. शाफ्ट रस्त्यात रुतला. गाडी उलटली…

बाबांची पद्धत होती, बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. त्या दिवशी बोल्ट आवळायचं काम दादाचं होतं. मी नंतर तपासायला गाडीखाली गेले, चार ठिपके पाहिले आणि पाना न लावताच बाहेर आले. अपघातानंतर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी घट्ट आवळले होते, हिनेच काहीतरी ढिलं केलं." आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि तोंड फिरवते.

रंगाचा डबा मी त्याच आठवड्यात फेकून दिला. राग मात्र कुठे फेकायचा?

तर, टॅक्सी रॅम्पवर उचललेली. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात. मी खाली उभी राहून हात पुसत होते…

टक.

शाफ्ट पाव फेरा फिरला. आपोआप.

एक बोल्ट माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. पाना लावला… ढिला. बोटानं फिरेल इतका.

आवळला.

टक. दुसरा. तोही ढिला.

टक. तिसरा.

रस्त्यावरचे हॉर्न कधी थांबले, कळलं नाही. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता…

टक. चौथ्याला हात लावला आणि बोट पिवळं झालं.

ओला रंग. चारही बोल्टांवर.

भीती नाही वाटली. डोकंच फिरलं. दादा बाहेर खुर्चीत फोन बघत बसला होता. कॉलर धरून त्याला ओढत आत आणला.

"बाबांच्या मरणाची थट्टा करतोस? लाज वाटते का?"

तो वर बघत राहिला. आम्ही दोघंही शाफ्टपासून हातभर लांब होतो…

टक.

दादा मटकन खाली बसला. शाफ्ट त्याच्या डोक्यावर फिरत राहिला. एक बोल्ट. दुसरा. तिसरा. अगदी सावकाश, कोणीतरी मोजून दाखवावं तसा.

आजही गाडी वर घेतली की मी चावी काढते, मुठीत धरते, आणि तरी शाफ्टकडे पाठ करत नाही.

"बंद कर ते," दादा पुटपुटला. माझ्याशी नव्हे.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठिपके मी आधीच लावून ठेवायचो गं. वेळ वाचतो म्हणून. त्या दिवशी फोन आला, मी उठलो. चारांतला एकही बोल्ट मी आवळला नव्हता."