मागचं डावं दार

दार लावलं की गाडीच्या छताचा दिवा विझतो. त्या संध्याकाळी तो विझला नाही. मला खटकलेली पहिली गोष्ट एवढीच.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. म्हणून दिव्याचं सांगितलं तेव्हा ऋषीदादा, माझा मोठा भाऊ, हसला. "चिनू, तुला दिवा विझला तरी भीती अन् नाही विझला तरी भीती. नेमकं पाहिजे काय तुला?" सगळी दारं त्यानं पुन्हा उघडून आपटली. दिवा तसाच. "नवीन दार नीट बसलं नसेल. उद्या बघतो," म्हणाला.

नवीन कुठलं, जुनंच ते. गाडी बाबांची, फिकट निळी. हे मॉडेल कंपनीनं बंद करून कितीतरी वर्षं झाली. बाबा गेले, त्याला दोन वर्षं होतील. गाडी विकायचं नाव मात्र आमच्या घरात कुणी काढत नाही. नोव्हेंबरात पाण्याच्या टँकरनं तिचं मागचं डावं दार चेपलं आणि आमची वणवण सुरू झाली. शोरूमच्या माणसानं दादाकडे असं पाहिलं, जणू त्यानं बैलगाडीचं चाक मागितलं. सदर भागातल्या एका दुकानदारानं "मिल जाएगा, मिल जाएगा" करत महिना घालवला. दिल्लीहून एकानं दाराचा फोटो पाठवला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. तोवर आमचं दार नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं होतं.

बाबांची एक सवय होती. किल्लीला हात लावून ते मागे वळायचे आणि विचारायचे, "बसले का सगळे?" प्रत्येकानं "हो" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. मी लहान असताना मला एकदा वर्ध्याच्या पेट्रोल पंपावर विसरून सगळे निघून आले होते, तेव्हापासूनची ही सवय. आता दादा विचारतो. एकटी मी असले तरी विचारतो, आणि मीही "हो" म्हणते.

डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपेठेतल्या दवाखान्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. आई उमरेडला मावशीकडे होती, तिला रात्रीपर्यंत घरी आणायचं होतं. आणि नेमकं त्याच सकाळी हिंगण्याहून देवरावकाकांचा फोन आला, तुमच्यासारखीच गाडी आली म्हणून.

देवरावकाकांचा हिंगण्याच्या पुढे गाड्या तोडायचं मोठं आवार आहे. अपघातातल्या, जळालेल्या, कुणी सोडून दिलेल्या गाड्या. आम्ही गेलो तर खरंच आमच्याच मॉडेलची गाडी उभी होती. तपकिरी. समोरून पार चुरा झालेली, पण मागचं डावं दार शाबूत. काच चढवायचं हँडलसुद्धा.

"पाहून घ्या," काका म्हणाले. "पण आज नाही भेटत. उद्या या."

"काका, आज संध्याकाळी आईला आणायचं आहे."

"मंग दोरी बांधून आण. कालपर्यंत चालली, आज काहून नाही चालत?"

"पण उद्याच का?"

"गाडी आत्ताच पोलीस ठाण्यातून आली बाप्पा. आजची रात तिले राहू द्या लागते."

एवढंच बोलून ते घरी जेवायला गेले. दादानं माझ्याकडे पाहिलं. "भाव वाढवून राहिले काका. उद्या दुप्पट सांगतील." त्यानं डिकीतून पाने काढले. मी म्हटलं, नको दादा. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. बिजागरीचे नट खोलून दार बाजूला व्हायला फार वेळ लागला नाही. फोनवर ठरलेले पैसे त्यानं काकांच्या खाटेवर चहाच्या ग्लासाखाली ठेवले.

दार मी धरलं होतं. दाराच्या खिशात बारीक कातरलेली सुपारी सांडलेली होती. ओलसर वास येत होता, कात आणि तंबाखूचा. मी ओढणीनं हात पुसले.

घरी येऊन दादानं ते बसवलं. निळ्या गाडीला तपकिरी दार. फाटक्या शर्टाला ठिगळ लावावं तसं दिसत होतं, पण बसलं. मी पुढच्या सीटवर बसून पाहिलं. "बसले का सगळे?" दादानं विचारलं. "हो," मी म्हटलं.

तेव्हा पहिल्यांदा तो दिवा.

साडेपाचला दादा उमरेडला निघाला. मी फाटकात उभी होते. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा आत उजेड होता. मागची सीट रिकामी होती. एवढं मी नक्की पाहिलं.

आठच्या सुमारास माझा फोन वाजला. देवरावकाका.

"पोरी, आत्ता गाडीपाशी आलो मी. दार तुम्हीच नेलं ना?"

"काका, पैसे खाटेवर..."

"पैशाले काय जाळाचं हाय? आता मी काय सांगतो ते आयक. माह्या ओळखीचा एक रुपराव होता, भिवापूरचा. ही त्याच्या बाबतीतली गोष्ट. खरी हाय."

मी पलंगावर पाय वर घेऊन बसले. घरात मी एकटीच होते.

"ज्या गाडीत माणूस गेलं, ते गाडी माह्याकडे आली का मी लगेच तिले पाना लावत नाही. दिवे लागले का चारही दारं उघडतो. अन् हाक मारतो. उतरा गा, उतरा, गाव आलं. रातभर दारं उघडी ठेवतो. सकाळी लावतो. मंगच तोडतो. माहा बाप खटारे तोडे, तोही असंच करे. बसलेल्या माणसाले कोणी सांगितलंच नाही, तर त्यानं उतरावं कसं?"

"आणि रुपराव?"

"त्यानं हाक मारायच्या आंधीच मागची सीट नेली. तुमच्यासारखीच घाई. मंग तो जिथं जाय तिथं लोक विचारत, पाहुणे खाली नाही उतरत काय? रुपराव हासे. एका रात्री बायकोले माहेराहून आणाले गेला. तिनं दार उघडलं... अन् तशीच उभी. हा म्हणे, बस ना वं. तर ते म्हणते कशी..."

"काय म्हणाली?"

"म्हणे, सरकाले सांगा ना त्याहिले. मी कुठं बसू?"

मी पायांवर पांघरूण ओढलं.

"मग काका?"

"मंग काही नाही. रुपराव अजून पायीच फिरते."

"त्या तपकिरी गाडीत कोण होतं?"

"एक म्हातारी. मागं, डाव्या बाजूले. उमरेडकडं चालली होती, लेकीकडं. पाचगावच्या पुढं झालं ते." ते खोकले. "तुहा भाऊ कुठं हाय आता?"

"उमरेडच्या रस्त्यावर," मी म्हटलं.

"फोन लाव त्याले. म्हण, गाडी थांबव, दारं उघड, हाक मार. अन् पोरी... काही झालं तरी त्या गाडीत कोणाले बसा म्हणू नका. बसले का म्हणून विचारू बी नका."

"काका... आमच्या घरी विचारतात."

"लाव फोन," काका म्हणाले.

मी दादाला फोन लावला. रिंग गेली. उचलला नाही. गाडी चालवताना तो उचलत नाही, फोन चार्जिंगला लावून पुढे ठेवतो, मला माहीत होतं. पुन्हा लावला. आईचा फोन बंद. मावशीला लावला. ती म्हणाली, "अगं, सातलाच निघाले ते. पोहोचायला पाहिजे होते."

पुन्हा लावला.

नऊ वाजले. साडेनऊ.

मी घरातले सगळे दिवे लावले. मग गाडीतला तो दिवा आठवला, म्हणून बैठकीतला बंद केला. मग पुन्हा लावला. रिंग... रिंग... आणि ती बाई, जी सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. मी मनात आईला म्हणत होते, नको बसूस. आई, त्या गाडीत नको बसूस.

दहाला फाटक वाजलं.

फोन कानाला तसाच धरून मी धावले. रिंग जातच होती. फाटकात ऑटो उभा होता. त्यातून आई उतरत होती. आई! मागून दादा.

"एसटीनं आलो," आई म्हणाली. तिनं माझा हात धरला, गार होता तिचा हात. "तुझ्या बाबांची असली तरी, त्या गाडीत मी आता बसायची नाही."

"काय झालं?"

आई नुसती पायऱ्या चढली. दादाच बोलला, हळू, खाली बघत. "पाचगावला चहा घ्यायला थांबलो होतो. परत बसलो. मी विचारलं, बसले का सगळे. आई माझ्या शेजारून म्हणाली, हो. अन्..."

"अन् काय?"

"अन् मागून पण, हो."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"आई पटकन उतरली. मलाही ओढलं तिनं. दारं लॉक केली अन् धावलो. बऱ्याच वेळानं एसटी दिसली, हात दाखवला. तुला सांगणार होतो, पण आईचा फोन डिस्चार्ज झालेला, अन् नंबर कोणाला पाठ असतात आता? माझा फोन तर..."

माझ्या कानाला लागलेल्या फोनकडे त्यानं पाहिलं.

"चिनू, कोणाला लावला तू फोन?"

"तुला."

"माझा फोन गाडीतच राहिला. लॉक करून आलो मी. पाचगावला."

रिंग जात होती.

मग थांबली.

कुणीतरी फोन उचलला. आधी काहीच नाही. मग एक बारीक आवाज... दाताखाली सुपारी फुटल्यासारखा. आणि एका म्हातारीचा, शांत, थकलेला आवाज.

"हो वं माय... बसली मी. लाव दार."