पालथं ताट

"ओऽ! हाय, मी हायऽ!"

सव्वीस वर्षं झाली त्या आवाजाला. घाटाच्या अंगानं, धुक्यातून आला होता. चढणीला लागलेल्या माणसाचा, धापा टाकणारा. आकारामनं तो एकदाच ऐकला, आणि मग तो जन्माचा कानात बसला.

गगनबावड्याच्या अलीकडं सडक सोडून करवंदीच्या जाळीतनं वर चढलं की मठ लागतो. अप्पाबुवांनी तो मांडला तेव्हा एक खोपट, एक चूल आणि एक पितळी ताट एवढाच पसारा. घाट चढून आलेल्याला भाकरी मिळावी, एवढाच धर्म. दुपारची पंगत उठली की फाटकात उभं राहून तीन हाका मारायच्या, "कोन उपाशी हाय का?" ओ आली तर ताट वाढायचं. नाही आली तर खोपटाच्या उंबऱ्यावर पालथं घालायचं. पालथं घातलेलं ताट दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी शिवायचं नाही. बुवा गेले. हाका त्यांच्या हाताखालच्या आकारामकडं आल्या, चूल शालूबाईकडं.

शालूबाईचा नवरा बाळासो मठाच्या गाई राखायचा. तोंडानं फाटका, हातानं तापट. तिच्या मनगटावर उलथन्याचा डाग आहे, तो ती पदरानं झाकते. एका आषाढात सकाळीच भांडण काढून तो घाटाकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिकडं दरड पडल्याचं कळलं. माणूस काही सापडला नाही. माहेरचे न्यायला आले, शालूबाई गेली नाही. नवऱ्याची वाट बघते, असं लोक म्हणाले. भाकरी थापताना ती एकच ओवी घोळवायची,

पंगत उठली बाई, एक पान मागं ऱ्हाई,
घाटाच्या गं वाटंवरी कोन येई, कोन जाई.

आता मठावर विश्वस्त आले, मौनशिबिरं आली, पुण्याच्या गाड्या आल्या. जूनमध्ये व्यवस्थापक तेजस्वी मॅडमनी हाका बंद केल्या. "आकारामकाका, मौनातली माणसं दचकतात हो. बेल लावूया की." बेल लागली. ताट तेवढं राहिलं; पाहुणे त्याचे फोटो काढायचे.

आठवड्याभरात ताट उताणं सापडलं.

"मांजर असंल," आकाराम म्हणाला.

"पितळंचं ताट मांजर उलथतंय व्हय, भावजी?" शालूबाई हसली. मग हसायची थांबली.

पुढं ताटात पाणी दिसलं. वर पत्रा, पत्रा कुठं गळत नव्हता. मग तांबडी माती दिसली, आणि त्या मातीतून चार बोटं फिरल्याची रेघ. आमटी निपटून खाल्ल्यासारखी. मॅडमनी कॅमेरा बघितला. एक बत्तीसला ताट पालथं. एक तेहेतीसला उताणं. मधे रिकामा उंबरा. "कॅमेऱ्याचंच काहीतरी बिघडलंय," त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या उंबरा ओलांडत नाहीत, गोठ्याकडच्या दारानं येतात.

आवाज मात्र फक्त आकारामला यायचा, निदान त्याला तसं वाटायचं. बेल थांबली की यायचा. तोच, त्याच वयाचा. पहिल्यांदा घाटातनं. मग करवंदीतनं. काल फाटकाच्या कडीपासनं.

आज शालूबाईचा मठातला शेवटचा दिवस. गुडघे गेले होते. भाची अनुजा दोन वाजता गाडी घेऊन येणार होती, वारणानगरला न्यायला. आज बोललं नाही तर बोलणं जन्मात होणार नव्हतं.

दीड वाजला. त्यानं बेलचं बटण बंद केलं आणि फाटकात जाऊन उभा राहिला.

"कोन उपाशी हाय का?"

धुकं हललं नाही.

"कोन उपाशी हाय का?"

मौनातली माणसं खिडक्यांशी आली.

त्यानं तिसरी हाक मारली. ओ आली, पण फाटकाबाहेरून नव्हे. पाठीमागनं. उंबऱ्यापासनं.

तो वळला. ताट उताणं होतं. तांबडं पाणी काठाला लागून हळूहळू स्थिरावत होतं. पलीकडं, चुलीच्या तोंडाशी शालूबाई बसलेली. गाठोडं बांधून तयार.

आकाराम उंबऱ्याशी येऊन बसला.

"वैनी, त्या दिशी तुम्ही इचारलंसा, ओ आली का म्हणून. मी न्हाय म्हनलो."

ती ताटाकडं बघत होती.

"आलती ओ. बाळासोची. सकाळी त्यानं समद्यांम्होरं मला बुवाचं कुत्रं म्हनलं हुतं. मला वाटलं, चुकू दे एक जेवान. ताट पालथं घातलं आनि फाटक लावलं; त्यो माघारी घाटातच गेला. एक जेवान, वैनी. एवढंच मनात हुतं, बुवाची आन."

खाली वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

शालूबाईनं मनगटावरचा पदर बाजूला केला. डाग उघडा पडला. तिनं ताट ओढून मांडीवर घेतलं, त्यातलं पाणी न सांडता.

"मीबी ऐकलीती, भावजी," ती म्हणाली. "हितंच बसून. म्हनून तर तुम्हास्नी इचारलं. तुम्ही न्हाय म्हनावं, म्हनून देव पान्यात घालून बसलेते."