नजरअलीच्या दवाखान्यातला चहा

लाइट गेली की पोरंपोरी कुर्बोनशो काकांभोवती जमतात. "ही गोष्ट ऐकीव नाही," काका सुरुवातीलाच बजावतात. "आपल्या गुलांदोमची आहे. खोटी वाटली तर उद्या तिलाच विचारा, फक्त जरा लांब उभं राहून."

गेल्या वर्षी जुलैची एकोणीस तारीख. डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला त्याला तीन दिवस झाले होते. वरची आळी गेली, दवाखाना निम्मा गाडला गेला. नजरअली कंपाउंडर लोकांची दारं ठोठावत फिरत होता, तो खाली नदीकाठी सापडला. त्याला दुसऱ्या दिवशी माती दिली.

गुलांदोमचं इन्सुलिन त्याच दवाखान्याच्या फ्रीजमध्ये होतं. तिची शेवटची सुई लोंढ्याच्या आदल्या रात्रीची. जीभ टाळ्याला चिकटत होती, डोळ्यांपुढे धुकं यायचं. मदत वाटणाऱ्यांच्या यादीत पीठ होतं, तेल होतं, ब्लँकेटं होती. औषध नव्हतं. रस्ता दोन दिवसांत मोकळा होईल, तोवर कळ काढा, म्हणाले. "मग दोन दिवसांनी मला पुरायलाच या," असं तिनं ऐकवलं. दिवसा ढिगाऱ्यावर पहारा असायचा, म्हणून रात्री साडेअकराला ती टॉर्च घेऊन निघाली. मेलेला माणूस तीन रात्री आपल्या जागी येतो, असं जावेनं सांगून पाहिलं.

"येऊ दे. मला त्याच्याशीच काम आहे."

दवाखान्याच्या खिडकीपर्यंत चिखल चढून वाळला होता. ती खिडकीतूनच आत उतरली आणि तिथं तिच्या हातून चूक झाली. सवयीनं हात छातीवर गेला, तोंडून सलाम निघाला. रिकाम्या घरात आपल्याकडे कोणी सलाम करत नाही. कारण सलामाला उत्तर यावंच लागतं.

आलं.

आवाज नजरअलीचाच. "आलीस, आपा? बस. चहा तयार आहे."

टॉर्च विझली...

पेल्यात चहा ओतल्याचा आवाज आला. वाफ तिच्या गालाला लागली. गार होती.

"बाहेर फार हाल आहेत, आपा. इथं काही दुखत नाही. घे. चार खडे साखर घातलीय."

 साखरेचं नाव ऐकलं आणि गुलांदोमच्या अंगात राग उभा राहिला. वीस वर्षांचा.

"वीस वर्षं त्यानं माझ्या ताटातली द्राक्षंसुद्धा उचलली," ती म्हणाली. "तो मला साखर देईल? तू नजरअली नाहीस. कोण असशील तो अस. मी मरायला आलेली नाही, माझं औषध न्यायला आलेय. सरक."

...

ओतणं थांबलं.  छतावरून मातीसुद्धा पडेना.

मग अगदी तिच्या मागं कोणीतरी खाकरलं. पेशंटला झापण्याआधी नजरअली खाकरायचा, तसं. आणि तिच्या हातात डबा आला. पत्र्याचा. थंडगार.

ती मागं न बघता खिडकीतून बाहेर पडली आणि चालत आली. पळाले नाही, हे ती अजून ठासून सांगते.

मदतीच्या तंबूत जावेनं दिवा धरला, तेव्हा कुठं तिनं झाकण काढलं. कापसात पाच बाटल्या नीट लावलेल्या. त्यांच्यावर एक सिरिंज. वेष्टन काढलेली, भरलेली. अठरा युनिट. गुलांदोमचा रात्रीचा डोस, जो जावेलाही ठाऊक नव्हता.

काकांनी गोष्ट तिथंच थांबवली. 

"मग...?" कोपऱ्यातून एकीनं विचारलं. "टोचून घेतली?"

"तर. म्हणाली, त्यानं भरून ठेवलीय, वाया घालवली तर उद्या रात्री परत येईल ओरडायला."