ओळींमधल्या नांग्या

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावतो. बसला तर मलाच वाईट वाटेल. नाचणगावात मला अण्णाजी म्हणणारे थोडे आणि फेकाड्या म्हणणारे पुष्कळ. वर्धा नदीतल्या एका माशाने माझ्या सायकलची घंटी गिळली आणि पुढे उन्हाळाभर ती डोहातून वाजत होती, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की अजूनही पोरं डोहाशी गेली की कान देऊन बसतात.

परवा आमच्या शेतात भरिताचं जेवण होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत घातली होती, बाजूला पातीचे कांदे, ठेचा, ज्वारीची भाकर. घरचीच मंडळी: माझा मुलगा आदेश, सून वर्षाली, धुऱ्यापलीकडचा शेजारी नत्थू आणि भजनी मंडळाच्या मनकर्णाबाई. माझ्या बायकोची, धुरपताची, या बाई जन्माची मैत्रीण. वांग्याचा पहिला घास घेऊन नत्थू थांबला.

"अण्णाजी, हे तर धुरपतामावशीचं वांगं हाय. बी कुठं गवसलं?"

"सांगतो. पण पटणार नाई तुले."

"तुमचं कधी पटलं मले? फेका तुमी."

म्हणून मी फेकलं. फेकलं ते असं.

धुरपता गेली तेव्हा वांग्याचा हंगाम भरात होता. हिरवट पांढरं, गोल, देठाला काटे, भाजलं की आत लोण्यासारखं. या वांग्याचं बी बाजारात नव्हतं. दरसाल ती चांगलं फळ हेरून त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीचं वांगं तोडायचं नाही, झाडावरच पिवळं पडू द्यायचं. ते पुढच्या सालचं बी. त्या वर्षी चिंधी बांधायला ती नव्हती. आम्ही दुःखात, मजूर घाईत. वांगी तोडून सगळी पुलगावच्या बाजारात गेली. चार दिवसांनी मी वावरात उभा होतो तेव्हा झाडांवर नुसती पानं होती.

म्हणजे उरलं तिने आदल्या सालचं जपून ठेवलेलं बी. ते कुठे ठेवलं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. उंदरांच्या भीतीने ती दरसाल जागा बदलायची. मी उतरंडी उपसल्या, राखेचे डबे चाळले, गोठ्यातले वाळल्या भोपळ्याचे तुंबे फोडले. एक हंगाम तसाच गेला. वांग्याचं बी फार जुनं झालं की उगवत नाही. आदेश म्हणाला, "बाबा, यंदा आषाढात रोप नाई पडलं तर त्या पट्ट्यात मी भेंडी टाकतो." त्याचंही चूक नव्हतं. पण धुरपताच्या सासूपासून चालत आलेलं वांगं माझ्यापाशी येऊन संपणार होतं.

मी नुसता बसून राहतो हे वर्षालीला बघवेना. ती वर्ध्याला कॉम्प्युटर शिकवते, शनिवारी-रविवारी दोघं गावी येतात. एका रविवारी तिने पिशवीतून एक पिवळट पेटी काढली. कारंजा घाडग्याच्या हायवेवर भंगारवाल्याकडे मिळाली म्हणे, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतली. नुसता कीबोर्ड वाटावा एवढीशी. पडदा नाही, आत साठवण नाही. टीव्हीला जोडायची, आणि लिहिलेलं ठेवायचं तर टेपरेकॉर्डर लावायचा.

"मामाजी, पहिले असेच कॉम्प्युटर राहत होते. याच्यावर बेसिक शिका. तुमचं डोकं गुंतते."

"मोबाइल असताना हे काऊन?"

"मोबाइल तुमाले सगळं तयार देते. हे काईच देत नाई. तुमी सांगसान तेवढंच करते."

हे मला आवडलं. आयुष्यभर मी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून गोष्ट बदलत आलो. इथे तोंडच नव्हतं.

टेपरेकॉर्डर धुरपताचा होता, भजनं ऐकायचा, विजेवर चालणारा. टेप टीव्हीच्या कपाटात सापडली: पांढरी, कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. पाठीवरची प्लास्टिकची बारीक खुंटी तोडलेली होती. ती तोडली की वरून काही भरता येत नाही. मी तिथे चिकटपट्टी लावली. आत काय आहे ते वाजवून पाहिलं नाही.

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागतो. वर्षालीने दिले दहा, वीस, तीस.

"एक, दोन, तीन काऊन नाई?"

"मधात जागा पाहिजे न. काही रायलं तर मंग पंधरा नंबरची ओळ टाकता येते. यंत्र ते आपोआप मधात बसवते."

"म्हंजे नांग्या भरायच्या."

ती हसली. रोप लावलं की आठवड्याभरात काही मरतात. त्या रिकाम्या जागी राखून ठेवलेली रोपं रोवायची, त्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. आमच्याकडे हे काम धुरपताचं. मी सरीने पुढे जायचो, ती मागून टोपली घेऊन यायची. मी कधी मागे वळून पाहिलं नाही; ओळ भरलेलीच असायची.

पहिला प्रोग्रॅम मी वावराचाच केला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. दहा नंबरला यंत्र विचारतं, पीक कोणतं? वीसला माझं उत्तर घेतं. मग सऱ्या किती, एका सरीत रोपं किती, आणि शेवटी गुणाकार करून एकूण रोपं सांगतं. प्रिंट म्हणजे दाखव, इनपुट म्हणजे विचारून घे. आणखी एक हुकूम तिने शिकवला: रेम. रेम लिहिलं की त्या ओळीत काहीही लिहा, यंत्र ती ओलांडून पुढे जातं.

"मंग लिवायची कायले?"

"माणसासाठी. मागून जो वाचन त्याच्यासाठी."

सेव्ह केलं. टेपेतून कर्कश किर्र आवाज आला, रातकिड्यांच्या थव्यासारखा. संध्याकाळी दोघं वर्ध्याला गेली.

सोमवारी दुपारी मी टेप लावून प्रोग्रॅम लोड केला आणि सगळ्या ओळी दाखवायला सांगितलं. दहा, पंधरा, वीस. पंधराला लिहिलं होतं: रेम वांगी.

मी वर्षालीला फोन लावला. ती वर्गात होती. म्हणाली, "मी नाई बा लिवलं. तुमीच लिवून विसरले असान." 

पटण्यासारखं होतं. मी ओळ पुसली, पुन्हा सेव्ह केलं, टेप खिशात घातली आणि दाराला कुलूप लावून वावरात गेलो. परत येऊन लोड केलं. पंधराला रेम वांगी. पस्तीसला रेम सऱ्या मोकळ्या धरा.

खोटं पकडायला माझ्यासारखाच माणूस लागतो. मी कीबोर्डवर चाळणीने राख भुरभुरली. सकाळी ती तशीच होती. पेटीची वायर काढून उशाशी ठेवली. मग वेगळाच प्रोग्रॅम लिहिला, वावराशी काही संबंध नसलेला, नाव विचारून रामराम करणारा. दुसऱ्या दिवशी त्यात एक ओळ जास्त होती: रेम जेवले का.

इथे नत्थू म्हणाला, "मले तर वयनीच कलाकार वाटून राह्यली."

"शप्पथ," वर्षाली म्हणाली. "मी ती पेटी इथंच ठेवून गेलती. हात नाई लावला."

"पुढं सांगा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं होतं.

पुढे मी जागाच बंद केली. वावराचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला: एक, दोन, तीन, चार. दोन नंबरांच्या मधे काही मावणार नाही असा. टेप मागे घेतली, लोड केलं. या वेळी किरकिर जास्त वेळ चालली. माझ्या ओळींपुरता जेवढा वेळ लागायचा, त्याहून बराच.

लिस्ट पाहिली. एकही ओळ वाढलेली नव्हती.

पण नंबर बदलले होते. दहा, वीस, तीस, चाळीस. दाट पडलेली रोपं उपटून कोणी अंतराने लावावी तशा माझ्या ओळी लांब लांब सरकवल्या होत्या.

मी टीव्ही बंद करून ओट्यावर जाऊन बसलो. आषाढ लागून आठवडा झाला होता. आदेशने भेंडीचं बी आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रासाठी काही लिहिलंच नाही. एकच ओळ, दहा नंबरला: रेम बी कुठं हाय. त्याखाली, वीस नंबरला, एन्ड. मधे जागा सोडली.

सेव्ह केलं. टेप मागे घेतली. माझा हात टेपरेकॉर्डरवरच होता.

लोड.

दहा. पंधरा. वीस.

पंधराला होतं: रेम हाताखालीच हाय. नांग्यापुरतं ठेवजा.

मी हात उचलला. टेपरेकॉर्डर उलटा केला. तो विजेवर चालायचा, त्यामुळे सेल टाकायचं झाकण कोणी वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. उघडलं. आत लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी होती. त्यात राख, आणि राखेत बी.

"हे मात्र खरं हाय," आदेश म्हणाला. "चिंधी मी पाह्यली. आईचीच होती."

वाफा टाकला. बी उगवलं. रोपं वावरात गेली, सांगितल्याप्रमाणे थोडी वाफ्यातच मागे ठेवली. लावणीनंतर तीन दिवस ऊन तापलं. माझ्या डोळ्यांदेखत वरच्या सरीतली रोपं माना टाकत होती. पाऊस पडून वाफसा आला तसा मी वाफ्यातली रोपं आणायला गेलो.

वाफा रिकामा होता. रोपं नीट मुळांसकट काढलेली, माती हाताने दाबून सारखी केलेली.

मी टोपली तिथेच ठेवून सऱ्यांमधून चालत गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एकही नांगी नव्हती.

"झालं," मी म्हणालो. "हे त्याच झाडांचं वांगं. मशीन बांधून ठेवली. टेप मात्र जवळ असते."

मी ती सदऱ्याच्या खिशातून काढून ताटाशेजारी ठेवली. नत्थू टाळ्या वाजवायला लागला. म्हणाला, "घंटीवाल्या मासोळीपेक्षा भारी जमली."

"खोटं."

मनकर्णाबाई मोठ्याने बोलल्या होत्या. भजनात लावतात तो आवाज. नत्थूचे हात थांबले.

"खोटं बोलता अण्णाजी तुमी. टेप कपाटात सापडली, हे खोटं हाय."

"अवं, कपाटातच. टीव्हीच्या."

"मंडळातल्या टेपा एकमेकीच्यात मिसळू नाई म्हनून हा ठिपका मीच लावला होता. धुरपताच्या भजनाची टेप हे. एकच होती." त्या टेपेकडे पाहत होत्या, हात मात्र लावत नव्हत्या. "तुमी अंगणात होते तवा. आमी बायका आत तिची ओटी भरत होतो. खण घातला, नारळ घातला. आनं हे टेप मी सोताच्या हातानं तिच्या पदराले बांधली. गाठ मारून. तशीच नेली तिले. तशीच सरणावर..."

जाळातलं शेवटचं वांगं फुटलं. कोणी उठलं नाही.

"दुसरी कुठून तरी आणली असान तुमी," त्या म्हणाल्या. आवाज आता अगदी खाली आला होता. "गोष्ट सजवाले ठिपका लावला असान. खोटं हाय म्हना नं, अण्णाजी."