दादाच्या पिकअपचं लॉक

जुन्या पिकअपचं इग्निशन लॉक बदलणं हे काही मोठं काम नाही. बॅटरीची वायर काढायची, स्टिअरिंगखालचं कव्हर उतरवायचं, ज्या बोल्टांची डोकी चोराला खोलता येऊ नयेत म्हणून कंपनीतच मुद्दाम तोडलेली असतात त्यांना छिन्नीने ठोकत ठोकत फिरवायचं, जुनं लॉक काढायचं आणि नवं चढवायचं. हात बसलेला फिटर जेवणाच्या सुट्टीत हे उरकतो आणि वर चहाही पिऊन येतो.

सिमेंटच्या पाइपांच्या त्या कारखान्यातल्या फिटरचा हात असाच बसलेला होता. यार्डातले ड्रायव्हर त्याला 'डॉक्टर' म्हणत. हे नाव त्याच्या थोरल्या भावाने ठेवलेलं. भाऊ ती पिकअप चालवायचा. गाडी शेडमध्ये आणली की खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचा, "काय डॉक्टर, पेशंट जगेल ना?"

पेशंट जगला. ड्रायव्हर गेला.

त्या लॉकची रड सगळ्या यार्डाला पाठ होती. ते आतून इतकं झिजलेलं होतं की चालत्या गाडीत चावी आपोआप बाहेर यायची. चमचा घातला तरी ही सुरू होईल, अशी चेष्टा चालायची. चावी निसटली की लॉक मागे फिरायचं, आणि ते पुरतं मागे गेलं की स्टिअरिंगच्या दांड्यात लोखंडी खुंटी बसायची. ही खुंटी असते चोरांसाठी, उभी गाडी कोणी पळवू नये म्हणून. चालत्या गाडीत ती बसली तर चाकं आहेत तशी राहतात आणि रस्ता मात्र वळतो.

लॉक बदला, असं दादा मॅनेजरला सांगून सांगून थकला. उत्तर ठरलेलं, "गाडी चालते ना? मग?" शेवटी यार्डाने आपला उपाय काढला. टायरच्या ट्यूबमधून रबराची चकती कापायची, चावीत अडकवायची आणि इंडिकेटरच्या दांडीला ताणून बांधायची. नवा ड्रायव्हर आला की गिअर दाखवावेत तसं त्याला हे रबर दाखवत. दादाच्या चकत्या फिटर स्वतः कापून द्यायचा. एका सकाळी उतारावरच्या वळणावर ते रबर तुटलं. पिकअप ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. बंपर वाकला आणि स्टिअरिंग दादाच्या छातीत बसलं.

आठवडा व्हायच्या आत मॅनेजर म्हणू लागला, ड्रायव्हरला डुलकी लागली. पुढच्या आठवड्यात डुलकीची दारू झाली. ज्या माणसाला खोकल्याचं औषधही चढायचं, त्याची दारू! वहिनी गप्प बसली नाही. तिने अपघात तपासणीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि तपासणी लावून घेतली. 'वाहनास हात लावू नये' असा कागद पिकअपच्या काचेवर चिकटला. चूक दादाची ठरली तर कारखान्याने राहायला दिलेली यार्डामागची खोली सोडावी लागणार होती आणि नवऱ्याच्या नावावर दारुड्याचा शिक्का बसणार होता. वहिनीचं मागणं एवढंच होतं की खरं काय ते लिहा.

ज्या दिवशी त्या कचेरीचा इन्स्पेक्टर येणार होता, त्या दिवशी मॅनेजरने फिटरला आत बोलावलं.

"चहा घेतलास का?"

हा माणूस चहाचं विचारू लागला की समजावं, कपात काहीतरी कालवलंय. टेबलावर पुठ्ठ्याची नवी डबी होती.

"सुट्टीत उरकून टाक. इन्स्पेक्टर दुपारी येतोय."

"साहेब, गाडीला हात लावायचा नाही असा कागद आहे..."

"कागद काचेवर आहे. लॉक आत आहे."

"पण वहिनी..."

"तिच्यासाठीच सांगतोय ना, अरे! प्रकरण मिटलं की खोली तिच्याकडेच राहील, ते मी बघतो. नाही मिटलं तर खोली जाईल आणि तुझी नोकरीही. मग दोघं मिळून न्याय चावत बसा." त्याने डबी पुढे सरकवली. "आणि जुनं लॉक जळक्या ऑइलच्या पिंपात टाक."

फिटरने नाही म्हणायला हवं होतं, असं आपल्याला बसल्या जागेवरून म्हणता येतं. त्याने डबी उचलली.

सुट्टीची घंटा झाली आणि सिमेंट कालवणारी यंत्रं थांबली. दिवसभर कानात घरघर असलेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ऊन तापलेलं होतं. तरी पिकअपच्या केबिनमध्ये गारवा होता, तळघरासारखा. फिटरने बॅटरीची वायर काढून लांब वाकवून ठेवली. मग तो केबिनच्या तळावर उताणा पडला. डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. तिथून त्याला फक्त वायरी दिसत होत्या आणि कानाशी तीन पेडलं.

बोल्ट फिरू लागला तेव्हा वास आला. दादा गुडघ्याला चोळायचा त्या मलमाचा. सीटमध्ये मुरला असेल, असं फिटरने स्वतःला सांगितलं.

मग त्याच्या कानाजवळचं क्लचचं पेडल हलकेच खाली गेलं.

आपला खांदा लागला असेल, असं त्याला वाटलं. पण खांदा लांब होता. पेडल पुरतं खाली गेलं आणि तिथेच राहिलं. चावी फिरवायच्या आधी ड्रायव्हर क्लच दाबून वाट पाहतो, तसं. वर सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. कोणीतरी सावरून बसलं होतं.

"कोण आहे...?"

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. बाकी काही नाही. मग, अगदी वरून, अगदी हळू...

"डॉक्टर... काय काढतोयस?"

फिटरच्या हातातली छिन्नी छातीवर पडली. पाय दाराबाहेर होते, ओढून घेतले असते तर तो सुटला असता. पण पाय त्याचे राहिलेच नव्हते.

"दादा..." तो कसाबसा म्हणाला, "खोली जाईल रे... वहिनीची..."

मग पेडल सावकाश वर आलं.

लॉक निघून हातात आलं. आता स्टिअरिंग अडवायला काही उरलंच नव्हतं, खुंटी त्याच्या मुठीत होती. तो उठला, स्टिअरिंगला हात घातला. ते हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. दगडात बसवल्यासारखं ते घट्ट राहिलं. शेवटच्या क्षणी दादाच्या हाताला काय लागलं होतं, ते त्या दुपारी धाकट्या भावाला कळलं. त्याने घाईघाईने नवं लॉक चढवलं, बॅटरीची वायर जोडली. तेव्हा कुठे स्टिअरिंग सैल पडलं, कोणीतरी वैतागून सोडून द्यावं तसं.

जुनं लॉक त्याने पिंपात टाकलं. काळ्या ऑइलवर एक बुडबुडा आला आणि फुटला. परत येऊन त्याने नव्या लॉकची रिकामी डबी नीट मिटली आणि पिकअपच्या सीटवर ठेवली. काढलेला पार्ट नव्याच्या डबीत घालून गिऱ्हाइकाच्या सीटवर ठेवायचा, काम खरंच केल्याचा तो पुरावा. हे गॅरेजच्या दिवसांत हाताला लागलेलं वळण. डोकं ठिकाणावर असतं तर त्याने ती डबी जाळून टाकली असती. डोकं ठिकाणावर नव्हतं. हात आपलं काम करून गेला.

इन्स्पेक्टर आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. वहिनी शेडच्या खांबाला धरून उभी होती. मॅनेजर हसतमुख होता. इन्स्पेक्टर केबिनमध्ये चढला आणि सीटवरची डबी बाजूला ठेवायला त्याने उचलली.

"जड आहे," तो म्हणाला.

डबी रिकामी होती. फिटरने स्वतः मिटली होती.

इन्स्पेक्टरने झाकण उघडलं. आत जुनं लॉक होतं, काळ्या ऑइलने निथळणारं. पुठ्ठ्याला मात्र बाहेरून थेंबाचाही डाग नव्हता. मॅनेजर एकदम पत्र्याकडे बघू लागला, जणू तिथे पाखरू बसलं होतं. इन्स्पेक्टरने तपासाच्या पाकिटातून दादाची चावी काढली आणि त्या लॉकमध्ये घातली. हात सोडताच चावी निसटून त्याच्या मांडीवर पडली. त्याने पुन्हा घातली. पुन्हा पडली. काय घडलं होतं ते शाळकरी पोरालाही कळलं असतं, आणि हा तर शिकलेला माणूस होता.

मग त्याने नव्या लॉकमध्ये नवी चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि स्टिअरिंग धरलं. ते हललं नाही. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा टरारल्या. अचानक तो थांबला. त्याने मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, तसं.

"इथे... कोण...?"

तो उतरला तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. वहिनी पुढे झाली.

"साहेब, दिसलं ना?"

"दिसलं, बाई," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता.

आणि त्याने लिहिलं की लॉक सुस्थितीत आहे, अपघात चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाला. डबी त्याने मॅनेजरच्या हातात दिली.

माणूस भुताला भितो, ही आपल्यातली सगळ्यात जुनी थाप आहे. माणूस बदलीला भितो, वरून येणाऱ्या फोनला भितो, खुर्ची जाण्याला भितो. भुताचं काय, ते घाम फोडतं आणि निघून जातं. त्या माणसाने घामाने ओल्या झालेल्या हाताने तेच लिहिलं, जे तो कोरड्या हाताने लिहायला आला होता.

लगेचच मॅनेजरने फिटरला पुन्हा बोलावलं. या वेळी चहाचं विचारलं नाही.

"खोली रिकामी करायची. ती ड्रायव्हरसाठी असते."

"साहेब, तुम्ही म्हणाला होता..."

"मी बघतो म्हणालो होतो. बघितलं. नाही जमलं." मग मोठ्या मनाने तो म्हणाला, "सामान न्यायला पिकअप ने. माणुसकी म्हणून देतोय. दिवस मावळायच्या आत गाडी यार्डात दिसली पाहिजे, नाहीतर उद्यापासून तू दिसायचा नाहीस."

सामान ते केवढं! लोखंडी कपाट, दोन गाद्या, भांड्यांची पेटी. वहिनीला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. ती पुढे बसली, पण अगदी दाराला चिकटून. तिच्यात आणि फिटरमध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली.

"वहिनी, इकडे सरका. ते दार सैल आहे."

"असू दे, भावजी."

उतार लागला. ते वळण दिसलं, मोरीचा फुटका कठडा दिसला, आणि फिटरच्या हातातलं स्टिअरिंग घट्ट झालं. त्याने ब्रेक दाबला, पण पेडल कोणीतरी खालून धरल्यासारखं वरच राहिलं. कठडा समोरून येत होता. मलमाचा वास इतका दाटला की डोळ्यांना पाणी आलं. तो ओरडला.

वहिनी ओरडली नाही. मधल्या मोकळ्या जागेकडे वळून, घरात उंबऱ्याशी उभं राहून बोलावं तितक्या हळू आवाजात ती म्हणाली,

"अहो... मी आहे गाडीत."

स्टिअरिंग सुटलं. पिकअप कठड्याला खरवडून रस्त्यावर आली.

बहिणीच्या दाराशी सामान उतरलं. शेवटी गाद्या आत गेल्या आणि फिटर रस्त्यावर एकटाच हात पुसत उभा राहिला. वहिनी बाहेर आली.

"वहिनी, ते लॉक मी..."

"माहीत आहे."

"तुमच्या खोलीसाठी..."

"तेही माहीत आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला मी काही म्हणत नाही, भावजी. पण येताना मी होते."

ती आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ऊन उतरलं होतं. गल्लीत कोणी नव्हतं. यार्डाला जायला तोच एक रस्ता होता, तीच मोरी, तेच वळण. नोकरी टिकवायची तर आत्ताच निघायला हवं होतं, आणि याच नोकरीसाठी त्याने सख्ख्या भावाचं मरण खोटं ठरवलं होतं. तो पिकअपपासून चार हातांवर उभा होता. इंजिन बंद होतं. दोन्ही दारं त्याने स्वतः लावून घेतली होती.

पलीकडचं दार, ज्या बाजूला वहिनी बसली होती ते, आतून उघडलं. हिसक्याने नाही, सावकाश. ड्रायव्हर आपल्या जागेवरून वाकून, हात लांबवून, रस्त्यात भेटलेल्या आपल्या माणसाला बसायला उघडतो, तसं.