पोस्टकार्डाएवढी ओळ

त्या रविवारी संदेश पहिल्यांदाच एकनाथरावांच्या नल्लकुंट्यातल्या घरी आला आणि दारातच भाग्यलक्ष्मीच्या तावडीत सापडला.

“वाचनालयाची वेबसाइट तुम्हीच बनवलीत?”

“हौ... मीच.”

“मग आत या आणि बघा!”

आत एकनाथराव चोवीस इंची मॉनिटरसमोर बसले होते. त्यांचा जन्म कोर्टात उर्दू कागदांचे तर्जुमे करण्यात गेला. आता ते त्या आठवणी हाताने लिहीत, लेक टाईप करी आणि मराठी वाचनालय त्या वेबसाइटवर लावी. पण आज त्यांना आपलाच लेख वाचता येईना. ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. नजर परत येईतो खालची ओळ हरवायची आणि ते वाचलेलीच पुन्हा वाचायचे.

“माझ्या लॅपटॉपवर बरी दिसते,” संदेश पुटपुटला.

“माझे बाबा तुमच्या लॅपटॉपमध्ये राहत नाहीत!”

तो हसला. हसू चांगलं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

“भाग्या, भांडण मग. आधी चहा,” एकनाथराव म्हणाले.

ती आत कप आपटत होती तेवढ्यात त्यांनी पुस्तकातलं जुनं पोस्टकार्ड काढलं. वाचताना ते ओळीखाली सरकवायची त्यांची सवय होती. त्यांनी ते पडद्यावर आडवं धरलं. “एवढी ओळ ठेवा. मान हलता कामा नये.”

“दोन दिवसांत करतो, काका.” मापाला म्हणून संदेश ते पोस्टकार्ड घेऊन गेला.

संध्याकाळी एकनाथरावांनी नेहमीसारखं विचारलं, “नवीन लेख कसा झालाय?”

“टाईप झाला,” ती नेहमीसारखंच म्हणाली.

मंगळवारी पहाटे ते झोपेतच गेले.

दिवसकार्य उरकल्यावर तिने वेबसाइटचं पान उघडलं. ओळ आखूड झाली होती. ती तडक हिमायतनगरला वाचनालयात गेली.

“केलंत एकदाचं! कुणासाठी?”

संदेश उठून उभा राहिला. “बुधवारी केलं. गुरुवारी कळलं मला... काका गेल्याचं.”

“दोन दिवस म्हणाला होतात.”

“हौ. तीन लागले.”

मंगळवारी केलं असतं तरी? तिने मनात हिशेब केला, आणि राग ठेवायला जागाच उरली नाही. मग तिने तो पानावर काढला.

“फोनवर काय? तिथे पोस्टकार्ड मावतं?”

“नाही. तिथे ओळ पडद्याएवढी, कडांना थोडी जागा सोडून. मोठ्या पडद्यावर मात्र ती पसरत नाही, थांबते.”

“आणि कुणी अक्षर मोठं केलं तर?”

“रुंदी अक्षरांच्या मापात दिलीय. अक्षर वाढलं की ओळही वाढते. शब्द तेवढेच, नऊ-दहा.” त्याने पेन उचललं. “अजून काही? लिहून घेतो...”

“खोट काढायला काहीच ठेवलं नाहीत तुम्ही!”

त्याने खणातून पोस्टकार्ड काढलं.

“तुमच्याकडे होतं? घर पालथं घातलं मी!”

“द्यायला आलो होतो. जिन्यातून परत फिरलो. तुम्ही दारातल्या चपलांवरसुद्धा ओरडत होतात... मग माझं काय झालं असतं?”

ती हसली, आणि हसल्याचाही तिला राग आला.

“मी इथे पाचपर्यंत असतो,” तो हळूच म्हणाला. “ओरडायला... कुणी लागलं तर.”

“सवय होईल मला.”

“होऊ द्या की.”

तिने मान वळवली. त्याने आपली खुर्ची तिच्यासाठी मोठ्या पडद्यासमोर सरकवली आणि तो बाजूला झाला.

तिने पोस्टकार्ड बाबांच्या नव्या लेखाच्या पहिल्या ओळीखाली धरलं. एकेक अक्षर तिनेच टाईप केलेलं, पण वाचत होती आजच. पुकारा करणारा शिपाई अंबाजी बोलताना अडखळायचा, आणि त्याच्या तोंडून नाव पुरतं बाहेर पडेपर्यंत न्यायाधीशांसकट सगळं कोर्ट गुमान थांबायचं. पोस्टकार्ड खाली सरकत राहिलं. एकही ओळ हरवली नाही.

पलीकडे पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या, कारण ती मोठ्याने बोलली होती.

“बाबा... छान लिहिलंय.”